शेवटची वेलांटी

लाल कापड थोडंच उरलं होतं. 'आमची मुलं परत आणा' एवढी अक्षरं त्यातून निघेनात. जाऊबाई म्हणाल्या, "एकच शब्द लिही. माघारी. ज्याचं जळतं त्याला कळतं."

आम्ही दोघी जावा पडद्यांचं दुकान चालवतो. दोन मशिनं, एक कापायचं टेबल. त्या दिवशी टेबलावर साहेबांच्या कचेरीचं हिरवं कापड पसरलं होतं. साहेब म्हणजे आमच्या भागातून निवडून गेलेले. ते बाजूला सारून मी जुन्या पांढऱ्या चादरीवर अक्षरं मांडली.

जाऊबाईंचा मुलगा सुटीवर आला होता. लहानपणी त्यानं दुकानातलं बटण गिळलं, तेव्हापासून त्याचं नाव बटणच. मी लग्न होऊन या घरात आले त्याच वर्षी हे युद्ध सुरू झालं. बटण तेव्हा पाळण्यात होता. परक्या मुलखातलं युद्ध, चार महिन्यांत उरकेल म्हणत होते. ते काही उरकलं नाही. पोरगाच मोठा होऊन त्यात लढायला गेला.

शुक्रवारी राजधानीत ठराव मताला येणार होता: फौज परत आणायची की तिथंच ठेवायची. ठराव झाला तर सुटीवरच्या मुलांना परत जावं लागणार नव्हतं. नाही झाला तर रविवारी बटण निघणार. मत देण्याआधी लोकांचं ऐकायला साहेब आमच्याकडे सभा घेणार होते. त्यासाठीच हा फलक.

शेवटच्या अक्षराची वेलांटी तेवढी राहिली आणि दिवेलागण झाली. देवापुढे दिवा लागला की मी सुई हातात घेत नाही. देवाला दिलेला शब्द आहे, आजवर मोडला नव्हता.

"राहू दे गं," जाऊबाई म्हणाल्या. "टाचण्या लाव. सकाळी टीप घालू."

"काकू, तुमच्या देवापायी आमची वेलांटी लोंबकळतेय," बटण हसला.

"देवाला मध्ये आणू नकोस. टाचण्या धर."

सकाळी गिऱ्हाइकं आली आणि टीप राहून गेली.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत औषधाच्या दुकानातल्या बाई बसल्या होत्या. बटणाबरोबर भरती झालेला त्यांचा मुलगा गेल्या थंडीत गेला. आम्ही दोघी त्यांच्या शेजारच्या वाटेत फलकाची दोन टोकं धरून उभ्या राहिलो. फलक धरणाऱ्याला तो वाचता येत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

साहेब उठले, फलकाकडे बघितलं आणि मोठ्यानं वाचलं. "माघार!"

सभागृहात कुजबुज झाली.

"ज्या गावानं शूर मुलं दिली, तिथं मला हा शब्द वाचावा लागतोय. इतक्या मुलांनी रक्त सांडलं, ते वाया घालवायचं? आज पाठ फिरवली तर या माउलीला मी काय तोंड दाखवू?" त्यांनी हात औषधवाल्या बाईंकडे केला. मागून टाळ्या पडल्या.

"साहेब, शब्द चुकलाय," जाऊबाई म्हणाल्या. "तो माघारी आहे. वेलांटी पडली असेल कुठंतरी."

"एका वेलांटीनं काय फरक पडतो, बाई?"

लोक हसले. माझे कान तापले. माझ्या टाचण्या, माझा नेम, आणि हसू होत होतं जाऊबाईंचं.

तेवढ्यात औषधवाल्या बाई वाकल्या. त्यांच्या पायाशी लाल कापडाचा तुकडा पडला होता. तो उचलून त्या उभ्या राहिल्या.

"मी औषधं विकते, साहेब. आमच्याकडं मात्रा चुकली की माणूस जातो." वेलांटी त्यांनी माझ्या हातात दिली. "माझा मुलगा आला माघारी. पेटीतून आला. यांचा चालत आलाय, तर राहू दे. माझ्या मुलाच्या नावावर दुसऱ्यांची पोरं तिकडं ठेवू नका. माझं नाव घ्यायला मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"तुमच्या भावना मी समजू शकतो..."

"भावना नव्हे, माझं मत सांगितलं. तुम्ही ऐकायला आलात ना?"

टाळी एकही पडली नाही. साहेब पाणी प्यायले आणि सगळ्यांचा विचार करून मत देईन म्हणाले. घरी येताना जाऊबाई मला म्हणाल्या, "ऐकलंय त्यांनी. माणूस आहे, दगड थोडाच आहे?"

शुक्रवारी दुपारी दुकानात रेडिओ लावला. औषधवाल्या बाईही दुकान बंद करून आल्या. साहेबांचा आवाज ओळखू आला.

"माझ्या भागातल्या एका वीरमातेनं परवा भर सभेत उठून मला सांगितलं, माझ्या मुलाचं नाव राखा. तिच्यासाठी मी या ठरावाच्या विरोधात मत देतो."

ठराव पडला.

औषधवाल्या बाईंनी रेडिओ बंद केला. मग म्हणाल्या, "माझा मेलेला मुलगा पुढं करून याला पाठवलं." त्या बटणाकडे बघत होत्या. "माझ्या तोंडून."

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड कशी. इथं तर शेळीलाच साक्षीला उभं केलं होतं. कुणाला वाईट बोलायचं नाही, हाही माझा एक नेम आहे. मी ओठ घट्ट मिटून बसले, पण मनात जे आलं ते देवानं ऐकलंच असेल.

फोन वाजला. साहेबांच्या कचेरीतून, पडदे तयार आहेत का म्हणून. जाऊबाई फोन ठेवून उठल्या. हिरव्या कापडाची घडी घातली, वर सुतळी बांधली आणि गठ्ठा मुलापुढे ठेवला.

"हे माघारी देऊन ये."

"काय सांगू, आई?"

"हेच सांग. वेलांटीसकट."

बटण हसला. त्या हसण्यानंच जाऊबाईंचा बांध फुटला. त्याचा हात धरून त्या टेबलाशी बसल्या, आणि तो उभ्या उभ्या त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला, जणू तोच वडीलधारा.

तो परत आला तोवर मी देवापुढे दिवा लावला होता. चादर पसरली, सुईत दोरा ओवला.

"काकू," तो हळूच म्हणाला, "दिवा लागलाय."

"दिसतंय मला."

वेलांटीला दुहेरी टीप घातली. मशीन नको वाटलं. हातानं, टाका टाक्याला लावून. औषधवाल्या बाईंनी चादरीचं दुसरं टोक ताणून धरलं होतं. सोमवारी साहेबांच्या दारात ते त्याच धरणार होत्या. जाऊबाईंनी विचारलंही, "तुमचा तर आता माघारी यायचा नाही. तुम्ही कशाला?"

"तुमचा यायचाय ना," त्या म्हणाल्या.

मी दोरा दातानं तोडला आणि वेलांटी जोरानं ओढून पाहिली. हलली नाही.