उलटा जिना

वडील जिना उलटा चढत होते. तोंड खाली रस्त्याकडे, पाठ वर घराकडे, एक हात कठड्यावर आणि चेहऱ्यावर पुलाचं उद्घाटन करून आल्यासारखं समाधान. खालच्या पायरीवर मुलगा हात पसरून उभा होता. पडलेच, तर झेलायला.

"बाबा, उद्या सकाळी ऑपरेशन आहे."

"रद्द. फोन करून कळव त्यांना. जिना उलटा चढला की गुडघ्याची झीज भरून येते. सगळ्या साइटवर आहे."

सगळ्या साइटवर ते मुलानेच पोचवलं होतं. वेबसाइटसाठी लेख लिहिणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. लेख शोधात वर यावा आणि इतरांनी आपल्या पानावर त्याची लिंक द्यावी, एवढीच त्यातली साहित्यसेवा. बुटांच्या एका दुकानासाठी गुडघेदुखीवर लिहिताना शेवटचा परिच्छेद काही केल्या भरेना, म्हणून त्याने हा जिना मनाने उभा केला. लोकांना नेमका तोच आवडला. एकाने उचलला, दुसऱ्याने पहिल्याचा हवाला दिला, तिसऱ्याने दोघांचा.

"बाबा, ते मी लिहिलंय. थाप आहे ती."

"तू?" वडील वरूनच हसले. "शाळेत तुझे निबंध कोण लिहायचं?"

"तुम्ही."

"मग गप्प बस."

आई दारातून म्हणाली, "अहो, पोरगा म्हणतोय तर ऐका की."

"पोराचं ऐकून कुणाचे गुडघे बरे झालेत?"

मुलगा तडक ऑफिसात गेला आणि लेख काढून टाकू या, असं साहेबांना म्हणाला.

साहेब शांतपणे म्हणाले, "केवढ्या लिंका आल्यात त्याला. एकीकडे वडिलांचा एक गुडघा, दुसरीकडे शोधातलं आपलं पहिलं पान. तूच तोलून बघ."

"दोन गुडघे."

"तरी."

दुरुस्तीला मात्र त्यांची हरकत नव्हती. मुलाने लिहिलं: जिना उलटा चढून झीज भरत नाही, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं असेल तर करून घ्या. मग घरी फोन लावला.

"वाचलं," वडील म्हणाले. "पण ही एकटीच साइट असं म्हणते. बाकीच्या काय खुळ्या आहेत?"

आता बाकीच्यांना खुळं ठरवणं आलं. त्याने एकेकाला नम्रपणे कळवलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. तो खुर्चीत बसे, उठे, पाणी पिऊन येई, पान पुन्हा उघडे. खरी गोष्ट आपली मठ्ठासारखी बसून होती. शेवटी त्याने तिलाही नटवलं. उलट्या जिन्यावरून गडगडणाऱ्या माणसाचं चित्र काढलं, वर मथळा दिला, 'तुमचा जिना तुमच्यावर उलटलाय का?' आणि खाली लिहिलं की लिंक देणाऱ्याला चित्र फुकट.

फुकट म्हटल्यावर सगळ्यांनाच गुडघ्यांची काळजी वाटू लागली.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा वडील फोनमध्ये डोकं घालून बसले होते.

"अरे, विज्ञान बदललं," ते म्हणाले. "उलटा जिना घातक आहे म्हणे. चार ठिकाणी आलंय. पिशवी भर माझी. आणि तूही असं काही वाचत जा जरा, उगाच अंदाजाने बोलतोस."

"हो," मुलगा म्हणाला.

तो एका हाताने टॉवेल पिशवीत कोंबत होता. दुसऱ्या हाताने फोनवर ती चारही पानं पुन्हा पुन्हा उघडून बघत होता. सकाळी वडील ऑपरेशनच्या टेबलावर आडवे होईपर्यंत विज्ञान परत बदलायला नको होतं.