दारावरच्या घंटेने पाहिलेलं एका मताचं सरकार

मित्रांनो, मी एक जुनी काशाची घंटा आहे. ओताऱ्याच्या भट्टीतून निघाले ती थेट विधानसभेच्या दारावर येऊन बसले. मतदानाआधी मला वाजवत. माझा आवाज थांबला की दारं बंद. आतला आत, बाहेरचा बाहेर. मोठमोठे मंत्री धापा टाकत पळत यायचे, तेव्हा मला जरा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एका निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही. तरी एका पक्षाने सरकार बनवलं. मी बुचकळ्यात पडले. निम्म्याहून कमी माणसं राज्य कसं करणार? दारातली बोलणी ऐकून हळूहळू उमगलं. एका छोट्या गटाने सांगितलं होतं, "आम्हाला मंत्रिपदं नकोत. खेड्यातले बंद दवाखाने उघडा, आम्ही बाहेरून मतं देतो." त्यांना धरूनही सरकार विरोधकांच्या एकाच मताने पुढे होतं. आपल्या पक्षाच्या आमदारांना मतदानाला हजर ठेवणं हे सरकारच्या बाजूच्या प्रतोदताईंचं काम. कुणी शिंकलं तरी त्या औषध घेऊन धावायच्या.

नेमके अर्थसंकल्पाच्या दिवशी त्यांचे सगळ्यात वयस्कर आमदार, सगळ्यांचे आजोबा, ऑपरेशनसाठी दवाखान्यात. आमच्या सभागृहाच्या नियमाने मतं समसमान पडली तर अर्थसंकल्प नामंजूर, आणि त्याच्याबरोबर सरकारही घरी. ताईंनी विरोधी बाकावरच्या मास्तरांना दारातच गाठलं.

"मास्तर, जोडी लावाल का?"

ही आमच्याकडची जुनी रीत. इकडचा एक आजारी पडला, तर तिकडच्या एकाने मत द्यायचं नाही. सही नाही, शिक्का नाही, नुसता शब्द.

"म्हाताऱ्याशी रोज भांडतो मी," मास्तर म्हणाले. "तो नसताना जिंकण्यात काय मजा? दिला शब्द."

दुपारी मी वाजले. मास्तर बाहेर चहा पीत होते. वर्षानुवर्षांची सवय, कप ठेवला आणि तरातरा आत येऊन आपल्या जागेवर बसले. मी थांबले. दारं बंद झाली. तेव्हा कुठे त्यांना आठवलं.

ताई पांढऱ्याफटक पडल्या. मास्तरांचे पक्षनेते मात्र खुलले. विरोधात मत देणाऱ्यांनी मोजणीसाठी उभं राहायची वेळ आली, तसे ते कुजबुजले, "आलाच आहात तर उठा की. सरकार पडतंय."

"मी आलेलो नाही."

"अहो, शेजारी बसलाय माझ्या."

"पाय आलेत. मी बाहेरच आहे."

"मग पुढच्या वेळी तिकीटही बाहेरच शोधा."

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. मोजणी संपली तरी पुसतच होते. एका मताने सरकार तरलं.

संध्याकाळी ताई पुन्हा दारात भेटल्या. "आजोबा शुद्धीवर आलेत. डोळे उघडल्या उघडल्या विचारलं, मास्तर बसून राहिले ना?"

"सांगा, राहिलो म्हणून," मास्तर म्हणाले. "फक्त जागा चुकली."

मित्रांनो, आता आमदारांच्या खिशातले फोनच थरथरतात. मला कुणी वाजवत नाही. अंगावर हिरवे डाग चढलेत. कधी आलात तर फडकं घेऊन या आणि मला जरा घासा. आणि कुणाला शब्द दिला असेल, तर घरी गेल्यावर तोही एकदा पाहून घ्या. न वापरता त्यालाही डाग चढतात.