गोदीने फेकलेली हळकुंडं
माझ्या भावाची मुलगी गोदी पंधरा महिन्यांची आहे आणि आमच्या शिरड शहापूरच्या घरात एवढ्या वयाच्या माणसाला माणूस समजत नाहीत. त्या दिवशी सकाळी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली. गोदीला बाजेच्या पायाला बांधायचं ठरलं होतं. गुन्हा असा, की अंगणात वाळत घातलेली हळकुंडं ती उचलते, पालथ्या घमेल्यावर आपटते आणि काही ताडपत्रीबाहेर फेकते.

"परवा हळद घासायचा पॉलिशचा ड्रम येऊन राहिला, अन् ही माल इस्कटून राहिली," आबा म्हणाले. "नुसता खेळ!"

मी म्हटलं, बांधण्याआधी अर्धा तास द्या. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यापासून घरात मला एवढी सूट मिळते, वेड्याला मिळते तशी.

वही घेऊन बसले. हळकुंड टण्ण वाजलं की गोदी तेच पुन्हा पुन्हा वाजवायची, हसायची. बद्द वाजलं की फेकून द्यायची. चाळीसपैकी सतरा तिने फेकली. ती मी मोडून पाहिली. चौदा मोडलीच नाहीत, वाकली. आतून ओली. अशी हळद पोत्यात भरली की तिला बुरशी धरते.

"आबा, हळद वली हाय."

"कालच मोडून पाह्यली म्या. तीन."

"कुठली?"

"वरची. मंग काय खालची उकरत बसू?"

त्यांनी आणखी तीन उचलली, पुन्हा वरचीच, उन्हात तापलेली. मोडली आणि माझ्याकडे विजयाने पाहिलं. तीस वर्षं ते असेच तपासतात आणि माल कायम पास होतो. मी गोदीने फेकलेलं एक त्यांच्या हातात ठेवलं. ते वाकलं.

आबांनी ड्रमवाल्याला फोन लावला. "चार रोज थांब. मला वाटलंच व्हतं, वली हाय."

गोदीला हळदीतलं काही कळत नाही, हेही मी वहीत लिहिलं. तिला फक्त आवाज हवा असतो, म्हणून ती प्रत्येक हळकुंड ऐकते. आबांना माल विकायचा असतो, म्हणून ते वरची तीनच मोडतात.

मग आबांनी शेजारच्या शेषरावकाकांना तमाशा बघायला बोलावलं. गोदीला घमेल्यापुढे बसवलं.

"वाजव न बाई! वाजव!"

गोदीने हळकुंड चोखलं, थुंकलं. मग काकांची चप्पल उचलून घमेल्यावर आपटली आणि कान देऊन ऐकलं.

"संपतराव, पोरगी तं माझी चप्पल तपासून राहिली!" काका आबांना म्हणाले.

आबांचं तोंड पडलं. "लेकराला काय कळतं! उगंच डोकं खाल्लं माझं." त्यांनी पट्टी उचलली.

मी ती त्यांच्या हातून घेतली, विळीवर कापली आणि तुकडे चुलीपाशी बसलेल्या आईपुढे टाकले.

"हे काहून कापलं?" आबा ओरडले.

"लुगडं फाडताना मला कुणी इचारलं व्हतं?" आई म्हणाली आणि एका तुकड्याने चूल पुसू लागली.

आबा दोर शोधायला गोठ्यात गेले. आमच्या घरात कुठली वस्तू कुठे आहे ते फक्त आईला माहीत असतं. त्यांनी तीनदा हाक मारून विचारलं. आईने सांगितलं नाही.