काउंटरच्या खुर्च्या

बंद पडलेल्या कापडदुकानात बालवाडी निघणार होती. सुतारकाम माझ्याकडे आलं आणि मी मजुरीही न ठरवता हो म्हटलं.

माझी बायको त्याच दुकानात उभी राहून राहून संपली. "बसलेली बाई माल विकत नाही," असं मालक म्हणायचा. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, काउंटरला टेकायचंही नाही. संध्याकाळी मी तिचे पाय कोमट पाण्यात धरायचो. सुजेवर अंगठा दाबला की खड्डा तसाच राहायचा. शेवटी पायातली रक्ताची गाठ छातीत गेली आणि ती गेली. मालक भेटायला आला, आमच्या खुर्चीवर बसून चहा पिऊन गेला.

काउंटर सागाचा होता. मी तो कापला आणि त्यातून बालवाडीतल्या मुलांसाठी खुर्च्या केल्या, माझ्या गुडघ्याइतक्याही उंच नसलेल्या. कोपरे घासून गोल केले.

बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "मिस्त्री, उद्घाटनाला मालक येणार. जागा त्यांची आहे. एक मोठी खुर्ची करा ना."

"लाकूड संपलं, बाई."

संपलं नव्हतं. घरी खाटेखाली सारून ठेवलं होतं.

उद्घाटनाला मुलं खुर्च्यांवर बसली, बाई सतरंजीवर. मालकाचे गुडघे वाकत नव्हते, तो उभा राहिला. गाणी सुरू झाली. थोड्या वेळाने त्याचा हात मागे गेला, काउंटर चाचपायला. तिथे काहीच नव्हतं. तो माझ्याकडे सरकला.

"मिस्त्री, खुर्ची कुठंय?"

"आहेत की ढीगभर."

"थट्टा करतोस? शेजारून आण."

"शेजारी कोण उरलंय, मालक? अख्खी रांग बंद पडलीय."

"पाय भरून आलेत रे माझे."

"येतात. पण बसलेला माणूस माल विकत नाही ना."

तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं होतं, माझ्या पोटातली आग विझेल. कुठली विझतेय!

एक चिमुरडी उठली आणि आपली खुर्ची फरफटत घेऊन आली. "आजोबा, माझी घ्या."

मालक भिंतीला धरून वाकू लागला. मी खुर्ची उचलली आणि होती तिथे नेऊन ठेवली.

"तू बस, बाळ," मी म्हटलं. "इथे तुला कुणी ऊठ म्हणणार नाही."

ती बसली. अजून बरीच गाणी बाकी होती.