भावाने कोरलेली सीमा

राजे बोलले, त्यांचे वकील बोलले, आणि त्यांचा शब्द न् शब्द जपून ठेवला गेला. आता थोडं मी बोलतो. मी सीमेचा दगड. पिरेनीजच्या डोंगरात रिउसेक नावाचं एक गाव आहे, त्या गावाच्या ओढ्याकाठी मी उभा आहे. माझं एक अंग फ्रान्सकडे आणि दुसरं स्पेनकडे.

जन्मापासून मी असा नव्हतो. मी धुण्याचा दगड होतो.

कधीतरी बर्फ वितळताना डोंगरावरून गडगडत आलो आणि शेतात रुतून बसलो. एलिसेंदाच्या आजोबांनी बैल जुंपून मला ओढ्यावर आणलं, पाण्यात आडवं टाकलं. पुढे किती बायकांनी माझ्यावर कपडे आपटले, सांगता येणार नाही. त्या मारानेच मी गुळगुळीत झालो. तो मार मला कधी लागला नाही. बायका यायच्या, हात चालायचे, त्याहून तोंडं जास्त चालायची. अलीकडच्या बायका अलीकडून यायच्या, पलीकडच्या पलीकडून, आणि सगळ्या एकाच पाण्यात पाय बुडवून बसायच्या. ओढा म्हणजे गावाची मधली गल्ली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

एलिसेंदा आणि तिचा धाकटा भाऊ गाल्देरिक माझ्याच अंगाखांद्यावर मोठे झाले. तो पुढे पाथरवट झाला. लग्न झाल्यावर ओढ्यापलीकडे, पाणचक्कीजवळ सासऱ्याच्या घरी राहायला गेला. पण जेवायला बहिणीकडेच यायचा.

"तुझ्या वहिनीच्या हाताला चव नाही गं ताई," तो म्हणायचा. "कोबी शिजवते की पाणी तापवते, कळत नाही."

"मग तिच्या तोंडावर सांग की."

"सांगितलं असतं. पण रात्रीचं जेवण तिच्याकडेच असतं ना."

ओढ्यात तीन धोंडे टाकलेले होते. त्यांवरून तो उड्या मारत यायचा आणि पोटभर जेवून, तसाच उड्या मारत परत जायचा.

दोन्ही राजांचं युद्ध तेव्हा किती वर्षं चाललं होतं, हे मोजायचंही लोकांनी सोडून दिलं होतं. एका वर्षी या राजाचे सैनिक येऊन मेंढ्या खायचे, पुढच्या वर्षी त्या राजाचे येऊन उरलेल्या खायचे. एलिसेंदाचा नवरा खेचरांबरोबर तोफा ओढायला धरून नेला, तो परत आला नाही. पदरात आग्नेस नावाची तान्ही पोर. म्हणून तह झाल्याची बातमी आली, तेव्हा एलिसेंदा देवळाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. आता तरी कुणाला धरून नेणार नाहीत, एवढंच तिच्या मनात होतं.

तह झाला तो खूप लांब, पश्चिमेला, एका नदीतल्या बेटावर. गावच्या पाद्रीबाबांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. स्पेनच्या राजाने आपली मुलगी फ्रान्सच्या राजाला द्यायची, दोन घराण्यांची सोयरीक करायची, आणि वैर संपवायचं. शिवाय आपल्या खोऱ्यातली ठरावीक गावं आता फ्रान्सची.

"म्हणजे मुलीबरोबर आंदण दिलं आम्हाला," एलिसेंदा म्हणाली.

"तसं नाही म्हणायचं," पाद्रीबाबा चाचरले. "लग्न वेगळं आणि मुलुख वेगळा."

"एकाच तहात आहे ना दोन्ही?"

पाद्रीबाबांनी दाढी कुरवाळली आणि सगळ्यांना प्रार्थनेला बसवलं.

मग दोन्हीकडचे अधिकारी सीमा आखायला आले. त्यांच्या घोड्यांना आमचं गवत आणि त्यांना आमची कोकरं. दिवसभर नुसता वाद. तहात शब्द होता 'गावं'. पलीकडच्या डोंगराआड जी मोठी वस्ती होती, तिचे लोक म्हणाले, आमचं गाव नाहीच, जुन्या सनदेप्रमाणे आमचं नगर आहे. नगर द्यायचं कुठे लिहिलंय? त्या एका शब्दावर ते नगर स्पेनमध्ये राहिलं. आमची पाणचक्की आणि तिच्याजवळची चार घरं त्या नगराच्या हद्दीत मोडत होती. म्हणून तीही स्पेनमध्ये राहिली. बाकी रिउसेक फ्रान्समध्ये गेलं. मधली गल्ली ही सरहद्द झाली.

माणसांना कुणी काही विचारलं नाही. मला तरी कोण विचारणार? खुणेला एक भक्कम, सपाट दगड हवा होता. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. मला पाण्यातून उपसून काठावर उभं केलं आणि कोरायला जवळच्या पाथरवटाला बोलावणं गेलं. जवळचा पाथरवट गाल्देरिक.

तो छिन्नी-हातोडा घेऊन आला. एका अंगावर फ्रान्सच्या राजाचं लिलीचं फूल काढायचं होतं, दुसऱ्यावर स्पेनच्या राजाचा मुकुट. त्याने फुलाची पहिली पाकळी काढली असेल नसेल, तेवढ्यात एलिसेंदा धुण्याची टोपली घेऊन आली आणि जागीच थांबली.

"तू?" ती म्हणाली.

"ताई, घरात पीठ नाही. चक्की सैनिकांनी मोडून ठेवलीय."

"माझ्या घरी नव्हतं पीठ? मागितलंस कधी आणि नाही म्हटलं?"

"मी नाही कोरलं तर दुसरा कुणी कोरेल. सीमा काय थांबणार आहे?"

"नसती थांबली," एलिसेंदा म्हणाली. "पण तो दुसरा माझा भाऊ नसता."

तिने टोपली उचलली आणि वरच्या अंगाला, खडकाळ जागी धुवायला निघून गेली. गाल्देरिकने काम पुरं केलं. त्याचा हात चांगला होता, पण त्या दिवशी मुकुटाचं एक टोक वाकडं आलं. अधिकाऱ्यांच्या ते लक्षात आलं नाही. हातोड्याचा प्रत्येक घाव मला लागला. कपडे आपटणं वेगळं आणि हे वेगळं.

त्यानंतर बहीण-भाऊ बोलेनासे झाले. ओढ्यातले तीन धोंडे काढून टाकायचा हुकूम सुटला होता. पण धोंडे असते, तरी तो आला असता असं मला वाटत नाही.

बाराही महिने पोटात राग धरून राहता येतं. पण डुक्कर मारायच्या दिवसांत मीठ लागतंच. आमच्या डोंगरात हिवाळ्याआधी डुक्कर मारायचं, मांस मिठात मुरवायचं आणि त्यावर उन्हाळ्यापर्यंत काढायचं. तुमचे जुने रीतिरिवाज तसेच राहतील, असं नव्या राजाच्या माणसांनी देवळासमोर सांगितलं होतं. थोड्याच वर्षांत मिठावर कर बसला. मीठ फक्त सरकारी कोठीतून घ्यायचं, ते सांगतील त्या दराने. ओढ्यापलीकडे तेच मीठ मातीमोल. कोठीतलं मीठ एलिसेंदाच्या आवाक्यातलं नव्हतं. त्या वर्षी तिचं अर्धं मांस सडलं. तिने ते ओढ्याच्या वरच्या बाजूला पुरलं आणि पुरताना शिव्या राजाला दिल्या की भावाला, ते मला नीट ऐकू आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात, धुकं दाटलेल्या एका सकाळी, गाल्देरिक गुडघाभर पाण्यातून आला आणि माझ्या आडोशाला एक पिशवी ठेवून गेला. थोड्या वेळाने एलिसेंदा पाणी भरायला आली. पिशवी पाहिली. बोटाने एक खडा काढून जिभेवर ठेवला. मग पिशवी शालीखाली घेऊन घरी गेली.

दर हिवाळ्यात असं होऊ लागलं. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. पण एकदा ती पिशवीच्या जागी सॉसेजची एक माळ ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी गाल्देरिकने ती हुंगली आणि एकटाच हसला. मी दगड असूनही मला बरं वाटलं. वाटलं, येत्या एकदोन वर्षांत हे बोलतील.

मग आग्नेस मोठी झाली, तिचं लग्न ठरलं. लग्नघर म्हणजे मांसही जास्त, मीठही जास्त. त्या सकाळी गाल्देरिक मोठं पोतं खांद्यावर घेऊन आला. मिठाचे शिपाई झुडपात दबा धरून बसले होते, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. ओरडता आलं असतं तर आयुष्यात एकदा तरी मी ओरडलो असतो.

तो माझ्या आडोशाला म्हणून फ्रान्सच्या अंगाला वळला आणि त्यांनी झडप घातली. नेमकी तेव्हाच एलिसेंदा पायवाटेने खाली येत होती. तिच्या हातात घागर होती, आणि शालीखाली रिकामी पिशवी.

शिपायांच्या म्होरक्याने गाल्देरिकला विचारलं, "हे मीठ कुणासाठी? या बाईसाठी?"

गाल्देरिकने बहिणीकडे पाहिलं. किती वर्षांनी सरळ पाहिलं त्याने. "कोण ही? पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला. "मीठ विकायला चाललो होतो. जो घेईल त्याला."

म्होरक्या तिच्याकडे वळला. "आणि बाई, तू? ओळखतेस याला?"

ओळखते म्हटलं असतं, तर घर गेलं असतं, आग्नेसचं लग्न गेलं असतं, आणि तिची स्वतःची रवानगीही तुरुंगात झाली असती. गाल्देरिक अगदी किंचित मान हलवत होता, नाही म्हण, नाही म्हण.

"नाही," एलिसेंदा म्हणाली. "पलीकडचा असेल कुणीतरी."

एखाद्याचं काम मनासारखं झालं की तो जसा श्वास सोडतो, तसा गाल्देरिकने श्वास सोडला. मग त्याच्या हातांना दोरी बांधून ते त्याला घेऊन गेले. चोरट्या मिठासाठी राजाच्या गलबतांवर वल्ही मारायची शिक्षा होती. ज्याने आयुष्यात आमच्या ओढ्याहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं, त्याला समुद्रावर पाठवलं.

गाल्देरिकची बायको दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली. एलिसेंदा दिसताच ती म्हणाली, "काय वन्सं, झालं का लग्नाचं मांस मुरवून? मीठ पुरलं ना?" लग्न झालं. आग्नेस सासरी गेली. लग्नाच्या पंगतीत एलिसेंदाने राय नावाच्या काळसर धान्याची कोरडी भाकरी खाल्ली. खारवलेल्या मांसाला मरेपर्यंत हात लावला नाही.

गाल्देरिक परत आला नाही. तो मेल्याचीही बातमी आली नाही. त्याची बायको धड सधवा नाही, धड विधवा नाही, अशी म्हातारी झाली.

आणि ज्या लग्नासाठी आम्हाला विभागलं, त्याचं काय झालं, तेही ऐका. लग्नाच्या वेळी त्या राजकन्येने माहेरच्या गादीवरचा हक्क सोडला होता. पण ठरलेला हुंडा काही पोचला नाही, आणि हुंडा नाही तर हक्कही सुटला नाही, असं सासरचे म्हणू लागले. शेवटी माहेरचा वंश बुडाला आणि तिचाच नातू स्पेनच्या गादीवर बसला. आजोबा फ्रान्सचे राजे, नातू स्पेनचा. एकच घराणं, एकच रक्त.

ही बातमी आली तेव्हा एलिसेंदा पार वाकली होती. काठी टेकत ती ओढ्यावर आली. माझ्याजवळ एक तरुण शिपाई पाव खात बसला होता.

"काय रे बाळा," तिने विचारलं, "आता दोन्हीकडे एकाच घरची माणसं बसली म्हणतात. मग हा दगड काढणार असाल?"

तो हसला. "आजी, राजांचं नातं राजांपाशी. आमचं काम मिठाचं."

"आजोबा-नातवाला चालतं, मग बहीण-भावाला का नाही?"

"कुठले बहीण-भाऊ?"

एलिसेंदाने काठीने माझ्या पायथ्याकडे दाखवलं. "इथे एका माणसाला धरलं होतं. तेव्हा तुझा जन्मही झाला नसेल. मला विचारलं, ओळखतेस का. मी नाही म्हटलं. तो माझा भाऊ होता. गाल्देरिक त्याचं नाव. लिहून घे, धरायचं तर धर मला."

शिपाई ओशाळला. "आता काय धरायचं आजी? कुणाला आठवतंय ते? घरी जा, गारठा आहे."

ती घरी गेली नाही. माझ्यासमोर आली आणि लिलीच्या फुलावर थुंकली. मग काठी टेकत, पाण्यात पाय बुडवत, सावकाश वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेली आणि मुकुटावर थुंकली. शिपायाने तोंड फिरवलं आणि पाव खात राहिला. मला राग आला नाही. माझ्या वाट्याला आलेला तेवढाच एक न्याय होता.

ती त्याच हिवाळ्यात गेली. त्या नातवाच्या गादीसाठी पुन्हा मोठं युद्ध झालं, पुन्हा माणसं धरून नेली, आणि पुन्हा तह झाला. त्यात ठरलं की घराणं एक असलं, तरी दोन्ही मुकुट एका डोक्यावर कधीच यायचे नाहीत. म्हणजे मी उभाच.

आता मिठावर कर नाही. शिपाई नाहीत. एका बाजूला राजाही उरला नाही. कुणीतरी माझ्यावर रंगाने आकडा घातला आहे. उन्हाळ्यात लांबून लोक येतात, एक पाय इकडे आणि एक तिकडे टाकून फोटो काढतात आणि खूप हसतात. हसू द्या. एलिसेंदा कोण, गाल्देरिक कोण, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मला इथून हलवा, असं मी म्हणत नाही. हलवून होणार काय? पण कुठेतरी आजही मोठी माणसं गोल बसून सह्या करत असतील. त्यांना माझा एवढाच निरोप द्या. रेघ ओढल्याशिवाय तुमचं भागतच नसेल, तर ओढा. पण खुणेचा दगड तुमच्या स्वतःच्या दारातला काढा, आणि छिन्नी द्यायची ती तुमच्या सख्ख्या भावाच्या हातात द्या.