शेवटचा अंतरा

ब्रिजेश सक्सेना लखनौहून मुंबईला आला तो गझल गायला. पण त्याचा गळा कुणाच्याही वळणावर जातो, हे संगीतकारांच्या लवकरच ध्यानात आलं. भजन, कव्वाली, विनोदी गाणं, जे द्याल ते तो गायचा. मोठ्या गायकाला सवड नसली की गाणं आधी ब्रिजेशच्या आवाजात ध्वनिमुद्रित व्हायचं. मग मोठे सवडीनं येऊन गात आणि याचा आवाज पुसला जाई. वीस वर्षांत त्याच्या स्वतःच्या गझलांची एकच तबकडी निघाली, तीही खपली नाही.

सरफराज त्याचा जिवाभावाचा दोस्त. उमेदवारीचे दिवस दोघांनी एका खोलीत काढलेले. सरफराज नावारूपाला आला आणि ऐन भरात हृदयविकारानं गेला. त्याच्या एका गाण्याचा शेवटचा अंतरा राहिला होता.

सरफराजच्या चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाल्यावर संगीतकार देबूदांनी ब्रिजेशला बोलावलं.

"तूच गा. सरफराज श्वास कुठे घ्यायचा, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

"आणि नाव, दादा?"

देबूदा चष्मा पुसत राहिले. "लोकांना त्याचं शेवटचं गाणं हवंय रे."

ब्रिजेश गायला. हुबेहूब. तो काचेमागून बाहेर आला तेव्हा एकाही वादकानं वर पाहिलं नाही.

गाणं गाजलं. तो सरफराजच्या बायकोला, नाहीदला, भेटायला गेला.

"भाईसाब, हा अंतरा कधी गायले हो ते? मला तर राहिलाय म्हणाले होते."

खरं सांगायचं ठरवूनच तो आला होता. पण तिच्याकडे पाहून जीभ रेटेना.

"शेवटच्या आठवड्यात, भाभी. म्हणाला, चल, उरकून टाकू."

"खुशीत होते?"

"खूप. देबूदांची नक्कल केली. सगळे हसत होते."

नाहीदच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. "बघा, मला बोलले नाहीत. पहिल्यापासूनच लबाड."

मग ब्रिजेश भेटायला गेला की ती त्याच दिवसाबद्दल विचारी. जेवले होते का, माझं नाव काढलं का. दर खेपेला ब्रिजेश नवं काही रचून सांगे आणि घरी येऊन जेवण न करता पडून राही. शेवटी त्यानं जाणंच सोडलं.

ईदला तिचा भाऊ शीरखुर्म्याचा डबा घेऊन दारात आला.

"आपा विचारतेय, आमचं काही चुकलं का?"

"छे, छे. रेकॉर्डिंगं फार आहेत सध्या," ब्रिजेश म्हणाला.

त्या महिन्यात त्याला एकही बोलावणं आलं नव्हतं.