उपाशी टाकी

बोल्सवार्ड या आमच्या डच गावात समोरच्या घरात हिल्त्ये आणि तिचा नवरा वीब्रन राहतात. वीब्रनची सगळी नोकरी कालव्यावरचा पूल बोटींसाठी उघडण्या-मिटण्यात गेली. हिल्त्येचा जीव तिच्या माशांच्या काचेच्या टाकीत. बैठकीच्या खोलीत भिंतभर पसरलेली ती टाकी, मासे मोजकेच, बाकी सगळ्या पाणवनस्पती, लाल-हिरव्या पट्ट्यांत नीट छाटलेल्या. अशा टाक्यांची हौस असणाऱ्यांचा एक क्लब आहे, त्याचे परीक्षक दरवर्षी सभासदांच्या घरी येतात, पाणी तपासतात, पानं न्याहाळतात आणि गुण देतात. हिल्त्येचा नंबर बहुतेक वेळा वरचाच.

हिवाळ्यात ती बर्फावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, मग पुन्हा चालायला शिकायचं म्हणून तिला पुनर्वसन केंद्रात ठेवलं. रोज थोडं थोडं खत घाल, आठवड्याला थोडं पाणी बदल, एवढंच तिने वीब्रनला सांगितलं होतं. पण त्याच्या लेखी खत म्हणजे घाण. तो हात आखडूनच घालायचा. थोड्याच दिवसांत काचेवर शेवाळाचे हिरवे ठिपके उमटले. खताचा हा परिणाम, असं समजून त्याने बाटल्या कपाटात टाकल्या. ठिपके वाढले, तसा तो रोज पाणी बदलायला लागला. तपासणीच्या नळीत नायट्रेट, म्हणजे त्याच्या मते पाण्यातली घाण, शून्य दिसलं तेव्हा तो मला मुद्दाम बोलवायला आला. पाणी आरशासारखं होतं. मीही त्याचं कौतुक केलं.

पुढे जुनी पानं पिवळी पडली, टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली, लाल शेंडे विटले. वीब्रन घाबरला. भेटायला गेला की तो हिल्त्येला फोनवर टाकीचा त्या दिवशीचा फोटो दाखवायचा, आता आधी काढलेला एकच जुना फोटो रोज दाखवू लागला. तीही बघून हसायची, छान म्हणायची.

ती घरी आली त्या दिवशी मी सूप घेऊन गेले होते. हिल्त्ये वॉकर धरून टाकीसमोर उभी राहिली. वीब्रन दारातच थांबला.

"उपाशी आहेत गं झाडं बिचारी," ती मला म्हणाली.

"मी पाणी अगदी स्वच्छ ठेवलं होतं," वीब्रन म्हणाला.

"तेच तर. त्यांच्या ताटातलं सगळं उचलून घेतलंस. झाडांनी खायचं थांबवलं की शेवाळाचं फावतं."

"तुला सांगणारच होतो."

"मला माहीत होतं रे. फोटोत रोज तोच मासा त्याच पानाखाली. इतका आळशी मासा आपल्याकडे नाही."

वीब्रन खुर्चीत बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. तू घरी नव्हतीस, दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून दिवसभर पाणीच बदलत बसायचो, असं तो म्हणाला. हिल्त्येला खाली वाकता येत नव्हतं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कपाटातल्या बाटल्या काढून आणायला सांगितलं.

त्यानंतर ती सोफ्यावरून सांगायची आणि तो करायचा. भोकं पडलेली पानं सुधारत नाहीत, ती कापायची आणि नव्या पानांची वाट बघायची. फॉस्फेटचं खत घालताना तो थेंब पुन्हा पुन्हा मोजायचा. शेवाळ वाढेल, ही भीती काही जाईना. पण काच घासून पुसल्यावर ठिपके पूर्वीसारखे परतले नाहीत, आणि शेंड्यांना हळूहळू लाली आली.

परीक्षक यायचे होते तेव्हा वीब्रन म्हणाला, या वर्षी नको म्हणून कळवू. हिल्त्ये ऐकेना. बाउके नावाचे परीक्षक आले, कॉफी झाली, मग त्यांनी बराच वेळ पानं बघितली. खालची इतकी कापलेली का, असं त्यांनी विचारलं.

"मी उपाशी ठेवली होती," वीब्रन हिल्त्येच्या आधी बोलला. "आता खाऊ घालतोय."

बाउकेंनी मान हलवली आणि नायट्रेट किती ठेवता ते विचारलं. वीब्रनने न अडखळता सांगितलं.

त्या वर्षी त्यांचा नंबर शेवटून दुसरा आला. हिल्त्ये आता काठीवर चालते, पण खताच्या बाटल्या वीब्रनकडेच आहेत. क्लबच्या बैठकीला दोघं मिळून जातात आणि हिल्त्ये म्हणते, प्रश्न विचारून विचारून हा सगळ्यांना उशीर करतो.